तिसऱ्या नकारानंतरचं हसू

४ फेब्रुवारी

आजपासून ही वही. हौस म्हणून नाही, रागाला जागा हवी म्हणून.

आमचा एक गट आहे. घरी बसून एकट्याने नाहीतर दोघांत मिळून छोटे कॉम्प्युटर गेम बनवणारी माणसं. अर्धवट खेळ एकमेकांना पाठवायचा, दुसऱ्याचा आपण खेळून बघायचा आणि काय वाटलं ते खरं लिहायचं. नियम असा, की ज्याचा खेळ असेल त्याने अभिप्राय आल्यावर पूर्ण दिवस गप्प बसायचं. उलट उत्तर द्यायचं नाही. हा नियम ज्याने काढला त्याचा स्वतःचा खेळ अजून कोणी पाहिलेला नाही, ते सोडा.

तर तिथे गप्प बसतो आणि इथे बोलतो.

माझा खेळ मोठ्यांसाठीचा आहे. म्हणजे लोकांना वाटतो तसला नाही. चाळिशीतलं जोडपं, लग्नाला बरीच वर्षं झालेली. त्यांचा एक दिवस. त्या दिवसात संध्याकाळी खोलीतला एक लहानसा खेळ आहे, तोच मी गटाला पाठवला. पडद्यावर ती पाठमोरी बसलेली असते. तिच्या खांद्यावर, मानेवर, पाठीवर हात कसा फिरवायचा ते खेळाडूच्या हातात. घाई केली की ती आखडते. नीट जमलं की खालची 'ओढ' नावाची पट्टी भरत जाते. मधून मधून ती नको म्हणते, तेव्हा दुसरीकडून नव्याने सुरुवात करायची. तिसऱ्या नकारानंतर ती हसते, वळते, दिवा मालवतो. पुढचं जे दाखवायचं ते काडीने इतकं हळुवार काढलंय की कोणाला लाज वाटू नये. काडी म्हणजे माझा चित्रकार, शरीरयष्टीवरून पडलेलं नाव.

आज खवीसचा अभिप्राय आला. खवीस हे नाव त्याने स्वतःच घेतलंय. बाई आहे की बुवा, म्हातारा की पोरगेला, कोणालाच ठाऊक नाही. मी आपला 'तो' म्हणतो. लिहितो:

"होकाराची वाक्यं खोटी वाटतात, नकाराची खरी. 'नको, आज दमलेय' ऐकलं आणि माझा हात माउसवरून आपोआप उठला. आता मानेपासून पुन्हा सुरुवात करा असं खेळ सांगतो, ते मला जमलं नाही. खेळ तिथेच बंद केला. नटी उत्तम आहे, तिला वाया घालवू नका. एक प्रश्न. तिसऱ्या नकारानंतर ती हसते, हे कोणी ठरवलं?"

कोणी ठरवलं? मी ठरवलं. खेळ माझा, बाई मी बनवलेली, खोली मी बनवलेली, दिवासुद्धा मीच लावलेला. अडथळाच नसेल तर खेळ कसला? सापशिडीत साप कोणी ठरवले असं विचारतो का कोणी? अर्ध्यात खेळ बंद करतो आणि वर अभिप्राय देतो. नाचता येईना, अंगण वाकडं.

आणि ती उत्तम नटी म्हणजे माझी बायको आहे. पाणीपुरवठ्याच्या कंपनीत तक्रारींचे फोन घेते. दिवसभर लोकांच्या शिव्या ऐकून "आपली तक्रार नोंदवली आहे" असं गोड आवाजात म्हणते. आवाजासाठी ठरवलेल्या मुलीने ऐनवेळी नाही म्हटलं म्हणून हिला विचारलं. "कोणाला कळता कामा नये" एवढ्या अटीवर तयार झाली.

५ फेब्रुवारी

दिवस संपल्याबरोबर खवीसला लांबलचक उत्तर लिहिलं. मुद्देसूद. आकर्षण म्हणजे काय, ताण कसा बांधतात, नकाराशिवाय होकाराला किंमत का नसते, सगळं. त्याचं उत्तर आलं, "कळलं. प्रश्न तसाच आहे."

तळपायाची आग मस्तकात गेली.

स्वयंपाकघरात गेलो. ही भाजी चिरत होती.

"लोक म्हणतायत तुझं 'जवळ ये' खोटं वाटतं."

"असेल."

"असेल म्हणजे? पुन्हा करावं लागेल आपल्याला."

"आणि 'नको' कसं वाटतं म्हणे?"

"ते चांगलं झालंय. एकदम खरं."

"चला, काहीतरी जमलं," म्हणाली आणि सुरी धुवायला वळली.

मला गंमत म्हणून हसायचं होतं, पण त्यात हसण्यासारखं काय ते सापडेना. ही कशावरच धड मत देत नाही. खेळाचं काही दाखवलं की "छान आहे." गेलं वर्षभर ऐकतोय. अगदी तक्रार नोंदवल्यासारखं छान.

महिनाअखेरीला लहान खेळांचं प्रदर्शन आहे, चोवीस तारखेपर्यंत पूर्ण झालेला खेळ पाठवायचाय. ते एकदा पार पडलं की पुन्हा माणसात येईन असं हिला कबूल केलंय. तोवर ती पलीकडच्या खोलीत झोपते. माझ्या खुर्चीचा कुरकुर आवाज होतो म्हणून. थंडीच्या सुरुवातीपासून तसंच चाललंय. दोघांनाही सोयीचं आहे.

८ फेब्रुवारी

घेतो तसा देतोही. गटात आज माझी पाळी मास्तरांचा खेळ बघायची होती. मास्तर निवृत्त शिक्षक, बायको जाऊन काही वर्षं झालेली, या वयात मोठ्यांसाठीचा खेळ बनवतायत म्हणून सगळ्यांना त्यांचं कौतुक. मला कौतुक कामाचं असतं, वयाचं नाही.

खेळ असा: एक म्हातारा आणि एक म्हातारी, दोघांचेही हात थरथरतात, एकमेकांची बटणं सोडवायची असतात. एका बटणाला युगं लागतात. मध्ये ती काहीबाही बोलत बसते, गुडघ्याचं, जुन्या घराचं, आणि तिचं बोलणं पुढे ढकलायची सोयच दिलेली नाही. संपेपर्यंत थांबा. कोण थांबेल?

परखड लिहिलं. संथपणा, पसारा, खेळाडूच्या हातात काहीच नाही, बाई फार बोलते. शेवटी लिहिलं की भावना चांगली आहे, पण भावनेने खेळ होत नाही. हे वाक्य मला आवडलं.

११ फेब्रुवारी

मास्तरांनी नियमाप्रमाणे दिवसभर गप्प बसून मग कळवलं: "मनापासून आभार. बटणांचं खरं आहे, बघतो. एक विचारू? शेवटपर्यंत खेळलात का? तिचं बोलणं ऐकलं असेल तर शेवटचं बटण ती स्वतःच सोडते."

नव्हतो खेळलो. शितावरून भाताची परीक्षा होते. तरी या माणसाने टोमणा मारला की साधंच विचारलं तेच कळेना, आणि टोमण्यापेक्षा त्याचाच जास्त संताप आला. रागवायचं तर रागवा ना. आभार कसले मानता?

दुपारी ही जेवणाच्या सुट्टीत घरी आली, तेव्हा रेकॉर्डिंगला बसलो. बसलो म्हणजे ती कपाटात उभी. आमच्याकडे स्टुडिओ म्हणजे कपड्यांचं कपाट. दोन्ही बाजूंना कोट आणि चादरी, त्यामुळे आवाज घुमत नाही. दार लोटून घ्यायचं, माइक तिच्या तोंडापुढे, वायर फटीतून बाहेर, मी बाहेर हेडफोन लावून.

"जवळ ये."

"छान. पण थोडं अजून खरं."

"जवळ ये."

"आता फार गोड झालं. फोनवर बोलतेस तसं वाटतंय."

"खरं म्हणजे कसं?"

"म्हणजे तुला आतून वाटतंय असं."

"काय वाटतंय?"

"की त्याने जवळ यावं."

माइक गेला की काय म्हणून मी वायर हलवून पाहिली. मग तिने आणखी दोनदा म्हटलं, दोन्ही वेळा तसंच सपाट. समोरच्या इमारतीचं काम चाललंय, तिथे ड्रिल सुरू झालं.

"संध्याकाळी पुन्हा करू," मी म्हटलं.

"संध्याकाळी मी दमलेली असते."

"हे बघ! हे कसं सहज आलं? असंच ते पण म्हणायचंय."

ती कपाटातून बाहेर आली. केसांना लोकरीचे धागे लागले होते. माझ्याकडे बघून काहीतरी बोलणार होती, पण मी आधीच दुसरा टेक ऐकायला घेतला होता. मग तिला उशीर झाला.

१४ फेब्रुवारी

ताईचा फोन. थोरली बहीण म्हणून तिला सगळं सांगावं लागतं आणि काहीच सांगता येत नाही.

"तुझा गेम झाला का रे? मुलं विचारतायत."

"मुलांसाठी नाही तो."

"मग?"

"मोठ्यांसाठी."

"बरं झालं. मग आम्हालाच पाठव. तुझ्या भावजींना निवृत्तीनंतर काहीतरी विरंगुळा हवाच आहे."

भावजी 'ओढ' नावाची पट्टी भरत बसलेत हे चित्र डोळ्यांसमोर आलं आणि महिन्याभरात पहिल्यांदा मला मनापासून हसू आलं. पण ताईने ते फार टिकू दिलं नाही.

"तुझ्या बायकोचं काय चाललंय? परवा फोनवर आवाज उतरलेला वाटला."

"कामाचा ताण असेल."

"विचारलंस का?"

"ताई, तिचा आवाज मला शिकवू नकोस. मी तो दिवसभर हेडफोनवर ऐकतो. कुठे श्वास घेतला, कुठे ओठ वाजले, सगळं मला कळतं."

"बरं बाबा," म्हणाली. 'बरं बाबा' म्हणजे ताईच्या भाषेत 'गाढव आहेस.' लहानपणापासून ऐकतोय.

१६ फेब्रुवारी

काडीसुद्धा उलटला.

त्याला म्हटलं, ती हसते तो चेहरा अजून जरा फुलव, खवीसचं तोंड बंद होऊ दे. तर म्हणतो, "तेच सांगायचं होतं तुला. ते हसू मला जमलेलंच नाही. कितीदा काढलं. ओठ हसतात, डोळे हसत नाहीत. शेवटी डोळे मिटलेले दाखवून मोकळा झालो."

"मिटलेले सुंदर दिसतात."

"दिसतात. पण मला ठाऊक आहे ना का मिटलेत ते."

"तू आणि खवीस मिळून बसला होतात का?"

"मी खवीसला ओळखत नाही. पण त्याचं खरं आहे. तीनदा नको म्हणून बाई हसते, तेव्हा काय विचार करून हसते ते मला सांग, मी काढतो."

काय विचार करून! अरे, विचार करून कोणी हसतं का? मी त्याला म्हटलं की तू चित्रं काढ, माणसं मी लिहीन. तो म्हणाला बरं. गेल्या पाच-सहा वर्षांत काडी मला 'बरं' म्हणालेला नाही, नेहमी भांडतो. आज भांडला नाही म्हणून माझंच डोकं फिरलंय.

सगळे शहाणे झालेत. उचलली जीभ, लावली टाळ्याला. चोवीस तारीख डोक्यावर आहे आणि एकेकाला आत्ता तत्त्वज्ञान सुचतंय.

१८ फेब्रुवारी

आज सकाळी ही आपणहून म्हणाली, "मला तो खेळ खेळून बघायचाय. माझा आवाज कुठे कुठे लावलायस ते तरी बघू दे."

वर्षभर मी मागे लागलो तेव्हा वेळ नव्हता. तरी बरं वाटलं, खोटं का बोलू. रविवारी दुपारी बसू म्हटलं. आधी ती खेळेल, मग लगेच राहिलेले होकार रेकॉर्ड करून टाकू. एका दगडात दोन पक्षी.

२० फेब्रुवारी, रविवार

जे झालं ते जसंच्या तसं लिहितो. पुढे कोणी म्हणायला नको की मी उलटसुलट करतो.

जेवण झाल्यावर तिला माझ्या खुर्चीत बसवलं. माइक टेबलावर जोडून ठेवला होता, नंतर रेकॉर्डिंग करायचं म्हणून. मी तिच्या मागे उभा. ती खेळायला लागली. हात फार हलका आहे तिचा, पट्टी भराभर भरायला लागली. मी म्हटलं, वा. मग पहिला नकार आला, तिच्याच आवाजात. ती थांबली.

"आता मानेकडून सुरुवात कर," मी सांगितलं.

"नको म्हणाली ना ती?"

"हो, म्हणूनच दुसरीकडून."

तिने मानेकडून केलं. दुसरा नकार. पाठीकडून केलं. तिसरा. मग ते हसू आलं, दिवा मालवला आणि ती खुर्चीत ताठ झाली.

"हे हसू कुठलं?"

"तुझंच."

"माझं आहे ते कळलं. कधीचं?"

सांगितलं. पहिल्या दिवशी कपाटात तिच्या डोक्यावर हँगर पडला होता, मागोमाग माझा कोट, आणि ती आत अंधारात एकटीच हसत सुटली होती. इतकं मोकळं हसू, टाकवेना मला. बरोबर ते नेमकं इथे बसलं. खरं तर तिला आवडेल असं वाटलं होतं मला.

"मी याला हसले नव्हते," ती म्हणाली.

"कोणाला?"

"या माणसाला. मी नको म्हटल्यावर."

"अगं, हसू म्हणजे हसू. खेळणाऱ्याला कुठे ठाऊक आहे हँगरचं?"

"मला ठाऊक आहे."

इथून जी सुरू झाली ती थांबेना. घरीसुद्धा तू हेच करतोस म्हणाली. नको म्हटलं तर थांबत नाहीस, नुसती पुढच्या वेळेची वाट बघतोस म्हणाली. मी शांतपणे समजावत होतो आणि ती मध्ये मध्ये बोलत होती. एक वाक्य पुरं करू दिलं नाही मला. आवाज तिचाच चढलेला. शेवटी घसा कोरडा पडला म्हणून मी पाणी प्यायला गेलो. परत आलो तर खुर्ची रिकामी आणि पलीकडच्या खोलीचं दार बंद.

मी काय गुन्हा केला? तिचं हसू जगाला दाखवलं. कोणी शिवी वापरतं, मी हसू वापरलं.

२१ फेब्रुवारी

सकाळी निघताना दारातच म्हणाली, "माझा आवाज काढून टाक त्यातून. सगळा."

"परवा-तेरवा पाठवायचाय खेळ. आवाज काढला तर उरतं काय?"

"ते तू बघ."

"आणि मी नाही काढला तर?"

चपला घालता घालता तिने वर पाहिलं. "तर मला आणखी कशाकशाला नको म्हणावं लागेल, त्याचा विचार मी करतेय," म्हणाली. तक्रार नोंदवतानाचा तोच आवाज. लिफ्ट आली, गेली.

याला म्हणतात घरचा आहेर. गटातले लोक निदान एखादी चांगली गोष्ट तरी सांगतात.

दिवसभर काम झालं नाही. खवीसला शिवी लिहिली आणि पाठवली नाही. काडीला फोन लावला आणि उचलायच्या आत ठेवून दिला. हिच्यासारखा आवाज दुसरा कुठून आणू? वर्ष घातलंय मी यात. तिला ते दिसत नाही. तिच्यासाठीच हे सगळं चाललंय असंही नाही म्हणवत आता, कारण खोटं लिहायला ही वही नाही. पण तिच्याशिवाय चाललंय असंही नाही.

२३ फेब्रुवारी

ही तापाने घरी आहे. पलीकडच्या खोलीत रेडिओ लावून पडलीय. औषध दाराशी ठेवलं, तिने घेतलं. बोलणं नाही.

सकाळी टेबल आवरताना लक्षात आलं की रविवारी माइक चालूच होता. तिने खेळायला घेण्याआधी लेव्हल बघायला म्हणून रेकॉर्डिंग लावलं होतं आणि बंद करायचं विसरलो. अख्खं भांडण नोंदलं गेलंय.

आता जे वाटलं ते तसंच लिहितो, भले ते कितीही वाईट दिसो. पहिल्यांदा वाटलं, मिळालं. खवीसला खरं हवं होतं ना, घे खरं. कपाटात उभं करून जे महिनाभर आलं नाही ते इथे चिडून, आपसूक आलं असणार. त्यातली चार-पाच वाक्यं कापायची, हसू काढून तिथे ती लावायची, खेळाचा तो भागच बदलून टाकायचा. तिला नंतर विचारता येईल. ऐकून तिलाही पटेल की मी तिचं ऐकलं.

हेडफोन लावले. पडद्यावर आवाजाच्या लाटा दिसतात, कुठे वाक्य सुरू झालं, कुठे संपलं ते डोळ्यांनीच कळतं. हे काम मी झोपेतही करीन. कापायला एकच गोष्ट लागते, वाक्य स्वच्छ हवं. त्यावर दुसरा आवाज असला की ते गेलं. दोन आवाज एकमेकांत मिसळले की वेगळे करता येत नाहीत.

पहिलं वाक्य धरलं. "मला दमायला होतं ते कामाने नाही, ते..." आणि तिथे मी: "काम काय तुलाच आहे का?"

टाकलं. दुसरं. "मी नको म्हणते तेव्हा तुला वाटतं की..." तिथे मी: "मला काय वाटतं ते मला विचार ना."

तिसरं. "तू हसलास की मला आधी..." मी: "आता हसायचंही नाही का मी?"

असं सगळीकडे. मागे गेलो, पुढे गेलो. एक वाक्य, एकच वाक्य मला पुरलं असतं. एकाही वाक्याला शेवट नाही. शेवटावर माझा आवाज. रविवारी मी या वहीत लिहिलंय की ती मध्ये मध्ये बोलत होती. लाटा तसं म्हणत नाहीत. ती सुरुवात करते आणि मी संपवतो. आणि आवाज तिचा चढलेला नाही, माझा आहे. तिचा शेवटपर्यंत त्याच पट्टीत आहे, फक्त प्रत्येक वेळी नव्याने सुरू होतो. कधी इकडून, कधी तिकडून.

एका ठिकाणी ती म्हणते, "त्या खोलीत मी झोपायला गेले त्याचं कारण..." आणि मी म्हणतो, "खुर्चीचा आवाज होतो, ठाऊक आहे मला, नवी आणतो." माझं वाक्य लांब आहे. त्याच्या खाली ती बोलते आहे, लाट दिसते तिची. बोलणं थांबलेलं नाही. माझा आवाज कमी करून पाहिला, तिचा वाढवून पाहिला, आवाजाची एकेक पट्टी गाळून पाहिली. शब्द कळत नाहीत. कारण आहे, ती सांगते आहे, मी तिथे उभा होतो, आणि मला ते ठाऊक नाही.

ती खोलीत गेल्यापासून मी लोकांना खुर्चीचं सांगत आलोय. ताईला, काडीला, या वहीला. तिने कधी सांगितलं होतं मला खुर्चीचं? आठवून पाहिलं. नाही सांगितलं. ते मीच म्हटलं होतं, आणि तिने 'हं' म्हटलं होतं.

राग आला. महिनाभर येतोय, पण आजवर त्याला दुसऱ्या कोणाचं तरी तोंड होतं.

रेकॉर्डिंग अजून शिल्लक होतं, म्हणून तसंच चालू ठेवलं. माझं शेवटचं वाक्य, मग माझी पावलं स्वयंपाकघराकडे जातात, फ्रिज उघडतो, पेला आपटल्याचा आवाज. मग अगदी माइकजवळ, हळू, ओरडून नाही, ती म्हणते:

"मी अजून बोलतेय."

मग खुर्ची मागे सरते आणि दार लागतं.

तेवढं एक वाक्य स्वच्छ आहे. त्याच्या मागेपुढे कोणाचाच आवाज नाही. कुठेही लावता येईल असं.

लावलं नाही. रविवारचं सगळं रेकॉर्डिंग पुसलं. खेळातूनही तिचा आवाज काढला, होकार, नकार आणि हसू, सगळा. उद्याची तारीख हुकणार, काडीला कळवलंय. तो 'बरं' म्हणाला नाही, "का?" म्हणाला. नंतर सांगतो म्हटलं.

पलीकडे रेडिओ बंद झालाय, म्हणजे ती जागी आहे. त्या खोलीत ती का गेली, ते विचारायला जातो.